आक्का, गोळी वाहून जात नव्हती

आक्का, तू गेलीस हे मला तुझ्या हातावरून कळलं.

घरातलं कुणी तुझ्या नाकापाशी बोट धरत होतं, कुणी छाती चोळत होतं. माझी बायको तुझ्या तळपायांना सुंठ लावत होती. मी तुझा डावा हात धरला. मनगटाच्या थोडं वर, जिथं डायलिसिससाठी शीर आणि धमनी एकमेकींना जोडलेल्या होत्या, तिथं कितीतरी वर्षं एक घरघर चालू असायची. मागच्या गल्लीत पिठाची गिरणी चालावी तशी. पहिल्यांदा मशीनवर घेतलं तेव्हाच आपल्याला शिकवलं होतं, की रोज सकाळी तिथं हात लावून बघायचा. घरघर लागली की सगळं ठीक. त्या सकाळी गिरणी बंद होती. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरला फोन लावा की." मी लावला नाही. तुझा हात धरून नुसता बसलो.

दुपारी आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुला बसवून माती दिली. जंगमस्वामींनी तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग काढून तुझ्याच डाव्या तळहातावर ठेवलं, बेल वाहिला. माणसं म्हणत होती, आक्का सुटली. किडनी आणि कॅन्सर, दोघांच्या तावडीतून एकदम सुटली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की कॅन्सरनं नेलेलं नाही हिला. कॅन्सरला तर हिनं कोपऱ्यात बसवून ठेवला होता. हृदय थकलं, एवढंच. पण मी गप्प राहिलो. तुझ्या बाबतीत गप्प राहायची मला सवय लागली होती, आणि त्या सवयीबद्दलच आज तुझ्याशी बोलायचं आहे.

तुझं माहेर, सासर, वय, मागे कोण कोण राहिलं, हे सगळं श्रद्धांजलीच्या कार्डावर छापून झालं. ते इथं पुन्हा लिहीत नाही.

दाजी गेले आणि तू वडवणीला माझ्याकडे आलीस. मला वाटलं, आता आक्का आत बसून जप करील. तू थोड्याच दिवसांत दुकानात येऊन गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसलीस. आपलं दुकान ठिबकच्या सामानाचं. नळ्या, तोट्या, फिल्टर, खताच्या टाक्या. तुला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं, पण गिऱ्हाईक भांडायला आलं की मी मागं सरायचो आणि तू पुढं व्हायचीस. त्या उपळीच्या माणसाचं अजून आठवतं.

"आक्का, बघा तुमच्या नळ्या! एका हंगामात भोकं पडली."

"पडली का उंदरानं पाडली?"

"आता उंदरानं पाडली तरी नळी तर तुमचीच हाय ना?"

"नळी आमची, उंदीर तुमचा. त्याला घिऊन या, त्याच्याकडून भरून घिऊ."

तो माणूस हसत हसत नवी नळी घेऊन गेला. बाजाराच्या दिवशी लोक नुसते तुझं बोलणं ऐकायला दुकानात टेकायचे.

मग साखरेनं आणि रक्तदाबानं तुझ्या किडन्या खाल्ल्या, आणि डायलिसिससाठी आपली बीडच्या दवाखान्यात वारंवारची फेरी सुरू झाली. पाणी दिवसाला दोन-तीन पेले. "जन्मभर पाण्याच्या नळ्या इकल्या आन मलाच घोटभर पाणी न्हाई," असं तू म्हणायचीस आणि वर स्वतःच हसायचीस. धारूरच्या घाटातली सीताफळं हातगाड्यांवर यायची, तेव्हा तू तोंड दुसरीकडे करायचीस. फळ बंद होतं ना.

मी फिल्टर विकणारा माणूस. ते मशीन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात जोडावेसे वाटले मला. वीतभर लांबीची पारदर्शक नळी, तिच्या आत केसांसारख्या हजारो पोकळ काड्या. काड्यांच्या आतून रक्त, बाहेरून पाणी. दोन्ही एकमेकांच्या अंगाला अंग लावून जातात, पण मिसळत नाहीत. घाण तेवढी इकडची तिकडे जाते. आपल्या दुकानातले वाळूचे फिल्टर मला त्या दिवशी फार अडाणी वाटले. तू मात्र मशीनवाल्या पोरीला विचारलंस, "ताई, ह्याला बॅकवॉश कसा मारत्यात?" वाळूचा फिल्टर उलटं पाणी सोडून धुतात, तो बॅकवॉश. तिला काही कळलं नाही. मी हसलो. आपल्या दोघांत अशा बऱ्याच चेष्टा चालायच्या, ज्या बाहेरच्याला कळायच्या नाहीत.

खोकला आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, छातीत पाणी साठलं असेल. मशीनवर जास्तीचं पाणी काढलं, तरी खोकला तिथंच. फोटो काढला, मग मोठा फोटो, मग सुईनं तुकडा काढून मुंबईला पाठवला. कॅन्सरच्या डॉक्टर मॅडम संभाजीनगरहून आठवड्यातून एकदा त्याच दवाखान्यात येतात. रिपोर्ट घेऊन त्यांच्यासमोर बसलो तेव्हा मी डोळ्यांनीच त्यांना खुणावलं, की हिच्यासमोर नको. तुला ते दिसलं.

"काय लपवायलास रे शिवा?"

मॅडमनी माझ्याकडे न बघता तुझ्याकडे बघून सांगितलं, "मावशी, फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सरची आहे."

तू पदर सावरलास. मग म्हणालीस, "बिड्या तर ह्येच्या दाजीनं ओढल्या जन्मभर. गाठ माझ्यात कावून आली?"

मॅडम म्हणाल्या, कधीच काही न ओढलेल्या बायकांतही ही येते. तुझ्या गाठीत एक ठरावीक बिघाड सापडला होता. पेशीचं वाढायचं बटण चालूच राहिलं होतं, बंद होईना. त्या बटणावर नेमकी जाऊन बसणारी गोळी आहे, रोज एक. सलाईन नाही, केस जाणार नाहीत. मी ऐकतच राहिलो. एवढ्याशा गोळीला अंगातली एवढी अब्जावधी बटणं सोडून बिघडलेलं तेच कसं सापडत असेल?

"पण एक अडचण आहे," मॅडम म्हणाल्या. "अशी औषधं बाजारात यायच्या आधी हजारो रुग्णांवर तपासतात. त्यात डायलिसिसवाल्यांना सहसा घेत नाहीत. त्यामुळे तुमच्यासाठी किती द्यायची, हे कुठं पक्कं लिहिलेलं नाही. जगात इकडच्या तिकडच्या काही डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांचं लिहून ठेवलंय, तेवढाच आधार. ते बरं दिसतंय. ही गोळी लघवीवाटे फारशी जात नाही, यकृत तिची विल्हेवाट लावतं. म्हणून मी द्यायला तयार आहे."

"म्हंजी आमाला धरलंच न्हाई," तू म्हणालीस.

"नाही धरलं."

"कावून?"

"मशीनवरच्या माणसाला आधीच इतकं काही होत असतं, की त्रास झाला तर तो औषधाचा की किडनीचा, ते कळत नाही. म्हणून बाजूला ठेवतात."

तू मान हलवलीस. तुला ते पटलं असं नाही, पण कळलं. मग म्हणालीस, "मंग मला धरा. माझ्यावरनं कळंल तेवढं कळंल."

आक्का, मी तिथं तुझ्या शेजारी बसून घाबरलेलो होतो आणि तू पुढच्याचा विचार करत होतीस. तुझ्याविषयी मला इतकं नवल त्याआधी कधी वाटलं नव्हतं. लहानपणापासून तू मला इतकी सवयीची होतीस, की तू मोठी आहेस हे मी विसरूनच गेलो होतो.

आता माझ्या हातून झालं ते.

ठिबकवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. जे पाण्यात विरघळलं ते जाळीतून जातं. न विरघळलेलं तेवढं अडकतं. शेतकऱ्यांना मी हेच सांगत आलो: खत पुरतं विरघळलं की फिल्टर त्याला अडवत नाही. गोळीचं मी हेच गणित केलं. गोळी पोटात विरघळली, रक्तात गेली, रक्त मशीनमध्ये गेलं. म्हणजे मशीनच्या दिवशी आपली गोळी काड्यांतून पलीकडे जाऊन सांडपाण्यातून बाहेर. हे गणित मला इतकं सरळ वाटलं, की मॅडमना विचारावंसंही वाटलं नाही. मॅडम कॅन्सरच्या, फिल्टरचं त्यांना काय माहीत, असंही मनात आलं. खरं सांगतो, आलं.

मशीनच्या दिवशी संध्याकाळी घरी आलो की मी तुला दुसरी गोळी देऊ लागलो.

"आरं, सकाळी घेतली की."

"मशीनच्या दिवशी दोन घ्यायच्या. मॅडमचा फोन आलता."

"मला तर बोलल्या न्हाईत."

"मला बोलल्या."

तू घेतलीस. मी सांगितलेलं तू पाण्याच्या त्या मोजक्या घोटाबरोबर गिळलंस.

आधी तोंडावर पुरळ आलं. मॅडमनी तसं येईल म्हणून सांगितलंच होतं, त्यामुळे आपण हसण्यावारी नेलं. तू आरशात बघून माझ्या बायकोला म्हणालीस, "वहिनी, ह्या वयात मुरमं आली मला. सोळावं लागलं वाटतं. स्थळं बघा आता." मग नखांच्या कडा सुजल्या. मग जुलाब सुरू झाले आणि थांबेनात. पाणी प्यायला बंदी असलेल्या माणसाला जुलाब! भरून काढायचं तरी कशानं? मशीनवर असताना तुझा रक्तदाब खाली गेला, डोळे पांढरे झाले, आणि तुला तिथूनच वर दाखल केलं.

मॅडम आल्या. तुझ्या पलंगाशी उभ्या राहून विचारलं, "रोज एकच गोळी घेत होत्या ना?"

तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "हो. एकच."

तू माझ्याकडे पाहिलंस. त्या क्षणी तुला सगळं कळलं, की फोन आलाच नव्हता. तू मॅडमकडे तोंड करून होकारासारखे डोळे मिटलेस. आक्का, त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मॅडम बाहेर आल्यावर मी त्यांना चाचरत विचारलं, जसं काही सहज आठवलं, "मॅडम, मशीनमध्ये ही गोळी वाहून जात असेल ना?"

"नाही जात," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना तसंच वाटतं. हे औषध रक्तात सुटं फिरतच नाही. रक्तातल्या प्रथिनांना चिकटून असतं. प्रथिनं मोठी, त्या काड्यांच्या भोकांतून ती जाऊ शकत नाहीत. मग त्यांच्या कडेवर बसलेलं औषध तरी कसं जाणार?"

मी पायऱ्यांवर जाऊन बसलो. कडेवर! आई शेतात असायची तेव्हा तू मला कडेवर घेऊन गावभर फिरायचीस, हे मला लोकांनी सांगितलेलं. तू तेव्हा स्वतःच एवढीशी होतीस, तुझी कंबर एका बाजूला वाकायची म्हणे. दवाखान्याच्या जिन्यात बसून मला तुझ्या रक्तातली ती धावपळ दिसत होती: मीठ चाललंय, घाण चाललीय, सगळं त्या बारीक भोकांतून पलीकडे ओढलं जातंय, आणि कुणीतरी थोरलं आपल्या लहानग्याला गच्च धरून त्या गर्दीतून सुखरूप परत येतंय. हे सगळं आधीपासून इतकं नीट चाललं होतं. त्यात हात घालायची गरज नव्हती. मी घातला.

तू बरी झालीस, पण मॅडमनी गोळी कमी केली. एक दिवस गोळी, एक दिवस नाही. घरी परत येताना तू गाडीत खिडकीपाशी बसली होतीस. मग विचारलंस.

"दुसरी गोळी मॅडमनं सांगितलीच नव्हती, न्हाई का?"

"न्हाई."

"मंग कावून दिलीस?"

"वाटलं, मशीनमधी वाहून जाती."

तू एकदम हसायला लागलीस. पोट दुखेपर्यंत. पुढचा ड्रायव्हर वळून बघायला लागला. "आरं मुडद्या, मी काय ठिबकचा प्लॉट हाय व्हय, खत सोडायला?" मलाही हसू आलं आणि रडूही. मग हसू आवरून तू म्हणालीस, "फुडच्या येळंला मॅडमला सांग."

"सांगतो."

पुढच्या वेळेला नवा फोटो आला. मॅडमनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. आधी लिंबाएवढी दिसणारी गाठ आता शोधावी लागत होती. मॅडमचा आवाज बदलला होता. "मावशी, एकाआड एक गोळीवर हे झालंय! डायलिसिसवर असताना!" तू त्या चित्राकडे बघत हात जोडलेस. मीही. मग मॅडम म्हणाल्या, "आता कळलं. मशीनवरच्या माणसाला रोजची झेपत नाही, एकाआड एक पुरते. हे मी लिहून बाकीच्या डॉक्टरांना कळवणार आहे."

तू माझ्या बरगडीत कोपर मारलंस. मॅडम इतक्या आनंदात होत्या, आक्का. मी म्हणालो, "मॅडम, तुमचे लई उपकार झाले."

एवढंच बोललो मी.

तुझा तो सगळ्यात चांगला काळ होता. तू परत दुकानात बसू लागलीस. त्या दिवसांतली एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू लिंगपूजेला बसली होतीस. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर विभूती, आणि तू टक लावून बघत होतीस. पूजेत कुणी बोललेलं तुला चालायचं नाही, पण त्या दिवशी तूच मला बोलावलंस.

"हिकडं ये. हाताखाली हात लाव."

मी तुझ्या हाताखाली हात धरला. घरघर मनगटापासून तळहातापर्यंत येत होती. बारीक, पण येत होती.

"लोकांचे देव गप बसून ऱ्हात्यात," तू म्हणालीस. "माझा बघ, दिवसरात दळायलाय." मग जरा थांबून, लिंगावरची नजर न काढता म्हणालीस, "शिवा, ही गोळी कुणी शोधली असंल रे? त्या माणसाला वडवणी ठाव न्हाई. माझं तोंड ठाव न्हाई. माझ्यासारखीला तर त्यानं धरलंच नव्हतं. तरी त्याची गोळी माझ्या गाठीपतुर आली."

तुझ्या हाताखाली माझा हात तसाच होता, आणि ती घरघर तुझी की माझी ते कळत नव्हतं. देवाला मी मानतो, रोज विभूती लावतो, पण त्या सकाळी समोर जे होतं त्याला काय म्हणावं ते मला ठरवता आलं नाही. कुठल्यातरी दूरच्या देशात कुणीतरी नळीत काहीतरी ढवळलेलं, आणि इथं माझी बहीण जिवंत बसून त्याची विचारपूस करत होती.

मग मशीनच्या हॉलमध्ये सर आले. धारूरचे निवृत्त मुख्याध्यापक, तुझ्या शेजारच्या पलंगावर. तुमची दोघांची लगेच गट्टी जमली.

"सर, आज किती पाणी काढलं तुमचं?"

"दोन लिटर. तुमचं?"

"अडीच. मी पैली."

"आक्का, जास्त पाणी म्हणजे जास्त चोरून प्यायलं. हा नंबर मिरवायचा नसतो."

"मास्तर हाय, पैल्या नंबरवर जळणारच."

मग एका फेरीला सरांनी आपला नंबर सांगितला नाही. त्यांच्याही छातीत गाठ निघाली होती, आणि तीही तुझ्याच जातीची. तेच बटण, तीच गोळी. मॅडमनी त्यांना धीर दिला: शेजारच्या आक्कांकडे बघा. आणि म्हणाल्या, तुम्हाला मी पहिल्यापासूनच एकाआड एक देते, रोजची झेपत नाही हे आपल्याला कळलंय.

त्या दिवशी आपण बीडहून परत आलो. दुकानाचं शटर वर करायच्या आधी मला अडवलंस.

"सरांची गाठ माझ्यापरीस मोठी हाय."

"हं."

"त्येंना अर्धीच गोळी चाललीय. तुझ्यापायी."

"आक्का, अर्धीनं तुला गुण आलाच की. त्यांनाबी येईल."

"आन न्हाई आला तर?"

मी चिडलो. म्हणालो, "मंग तूच सांग की! मावशी मावशी करत्यात मॅडम तुला. सांग, भावानं इख घातलं म्हणून."

तू शांतपणे म्हणालीस, "मी सांगितलं तर ती चहाडी हुईल. तू सांगितलं तर ती सुधारणा हुईल. चूक तुझी हाय, तुझ्याच तोंडातनं जाऊ दे."

मी शटर वर केलं. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा करून. आपलं शेवटचं खरं भांडण ते. त्यानंतर तू विषय काढला नाहीस, आणि मी तो तू विसरलीस असं धरून चाललो. मॅडमसमोर प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी विचारून उठायचो. माझी अब्रू म्हणजे तरी काय? ठिबकच्या नळ्या विकणारा एक माणूस. पण तीच मला जड झाली. आणि मग ती सकाळ आली, गिरणी बंद असलेली. मॅडमना सांगून टाकलं, हे ऐकायला आता तू राहिली नाहीस.

तिसऱ्याचा विधी झाला आणि मी गेलो. मॅडमचा वार होता. तुझी फाईल टेबलावरच होती, तुझं लिहायचं म्हणून त्यांनी काढून ठेवलेली. त्यांनी खुर्ची पुढं केली आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलू लागल्या. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं. ठिबकचं गणित, खोटा फोन, दोन गोळ्या, आणि तुझ्या पलंगाशी म्हटलेलं ते "हो, एकच".

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता बाहेर जा म्हणतील.

"आक्कांना झालेला त्रास मी औषधाच्या नावावर मांडला," त्या म्हणाल्या. "फोनवर तीन-चार डॉक्टरांना सांगितलं, की डायलिसिसवर रोजची देऊ नका. त्यांनी ऐकलं असेल. त्यांचे रुग्ण असतील."

"हो मॅडम."

"आणि रोजची दिली असती तर आक्कांची ती उरलेली गाठही गेली असती का, हे आता मला कधीच कळणार नाही. तुम्हालाही नाही."

"हो मॅडम."

आक्का, तेच मी आयुष्यभर बरोबर घेऊन फिरणार आहे. त्यातून सुटका मागत नाही. तुझ्यावरून जे कळायचं होतं ते तू मोकळ्या हातानं द्यायला निघाली होतीस, आणि मी त्यात पाणी मिसळलं.

मॅडमनी फोन उचलला, एकेकाला लावला, माझ्यासमोरच. "ती डायलिसिसची केस... नाही, मी चुकीचं सांगितलं होतं. रुग्णाला मशीनच्या दिवशी दुप्पट दिली जात होती. घरच्यांनी. हो, आत्ताच कळलं." प्रत्येक फोनला मी मान खाली घालून ऐकत होतो. शेवटचा फोन ठेवून त्या म्हणाल्या, "सर खाली मशीनवर आहेत. त्यांची गोळी मी बघते. पण का बदलली ते तुम्ही जाऊन सांगा."

खाली हॉलमध्ये तुझ्या पलंगावर दुसरंच कुणीतरी झोपलेलं होतं. सर डोळे मिटून पडले होते, हाताला दोन नळ्या. जवळ जाऊन उभा राहिलो तसे त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि मोकळ्या हातानं माझा हात धरला.

"या शिवाप्पा. वाट बघत होतो."

"माझी?"

"आक्का म्हणाल्या होत्या, 'माझा भाऊ तुमाला कायतरी सांगायला येईल. उशीर करंल, पण येईल. त्याच्यावर रागावू नका सर, लहान हाय अजून.'"

माझ्या मिशा पांढऱ्या झाल्यात, आक्का. मी पलंगाखालचं स्टूल ओढलं, सरांच्या उशाशी बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.